दूरचे गिऱ्हाईक आणि घरचा हिशेब



या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांवर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली आहेत. मी कामगार चळवळीतला माणूस. आठवीत शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते पगारपत्रके, करारनामे आणि सार्वजनिक वाचनालय यांच्यापासून. तेव्हा मी विषयही हिशेबाचाच घेतला आहे. घरी तयार केलेली किंवा घरात पडून असलेली वस्तू ऑनलाइन बाजारात विकायची, तर ती कशी विकावी आणि त्यात आपली बुडवणूक कशी टाळावी, एवढेच मला सांगायचे आहे.

विषय सुचला तो असा. आमच्या सोलापुरात बिड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. कामाचे दिवस कमी मिळाले की त्यांच्या घरखर्चाची तोंडमिळवणी होत नाही. म्हणून आमच्या युनियनमधल्या नऊ जणींनी शेंगा चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी करून विकण्याचे ठरविले. पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेला सोलापूरकर या दोन जिनसांवर जीव टाकतो, हे त्यांना ठाऊक होते. एकीच्या मुलाने मोबाइलवरून एका ऑनलाइन बाजारात त्यांची नोंद करून दिली. मागण्या येऊ लागल्या, दर आठवड्याला बँकेत पैसेही येऊ लागले. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला.

सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या सर्वांत वडील बाई कचेरीत आल्या. त्यांना आम्ही सारे अक्का म्हणतो. शेंगदाणे आणि ज्वारी घेण्यासाठी त्यांनी कानातली फुले गहाण ठेवली होती, ती काही सुटत नव्हती. त्या म्हणाल्या, “दादा, बँकेत पैसे येतात ते मी डोळ्यांनी बघते. मग जातात कुठं?”

या प्रश्नाचे उत्तर काढायला मला तीन रात्री बसावे लागले. आजचे माझे बोलणे म्हणजे ते उत्तर होय.

पेठ कोणाची, माल कोणाचा?

प्रथम हा बाजार आहे तरी काय, ते पाहू. आपल्या गावच्या आठवड्याच्या बाजारात जागा नगरपालिकेची, माल विकणाऱ्याचा. जागेची पट्टी पालिका घेते. वांगी किडकी निघाली तर शिव्या मात्र बागवानाला बसतात. ऑनलाइन बाजाराची मांडणी हीच आहे. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो ही नावे आपण घेतो, तेव्हा पुष्कळांना वाटते की ती मोठी दुकाने आहेत. वस्तुतः त्या पेठा आहेत. तिथे दिसणारा बहुतेक माल तुमच्या-आमच्यासारख्या किंवा आपल्याहून मोठ्या विक्रेत्यांचा असतो. पेठवाली कंपनी जागा देते, गिऱ्हाईक आणते, पैसे गोळा करते, बहुधा मालही पोहोचविते आणि या प्रत्येक कामाचे दाम आपल्या पैशांतून आधी कापून घेते.

दुसराही एक प्रकार आहे. ओएलएक्स किंवा फेसबुकवरील मार्केटप्लेस ही एक प्रकारची जाहिरातीची भिंत आहे. जुनी सायकल, पाळणा, शिलाई मशिन अशा वस्तूंची चिठ्ठी आपण तिथे डकवतो. घेणारा आपल्याशी परस्पर बोलतो आणि व्यवहार बहुधा दोघांत होतो. या दोन प्रकारांत धोके वेगवेगळे आहेत. पहिल्यात माणूस हळूहळू तोट्यात जातो, दुसऱ्यात एका दिवसात नागवला जातो.

गिऱ्हाइकाचे हात

दुकानात आलेली गृहिणी शेंगदाणा चावून पाहते, चादर उलगडून तिची वीण बघते. ऑनलाइन बाजारात तिला हात नाहीत, नाक नाही, जीभ नाही. तिला फक्त डोळे आहेत, आणि तेही आपण दाखवू तेवढेच पाहणारे. म्हणून हातांचे काम आपल्या छायाचित्राने करायचे आणि जिभेचे काम आपल्या वर्णनाने.

छायाचित्र दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पांढऱ्या कापडावर ठेवून काढावे. रात्रीच्या दिव्याखाली काढले की रंग बदलतो, आणि चादरीचा रंग बदलला की चादर परत येते. एक चित्र समोरून, एक मागून, एक अगदी जवळून आणि एक हातात धरून काढावे. हातात धरलेल्या वस्तूचा आकार कोणालाही कळतो. वस्तूला डाग, चरा किंवा टवका असेल तर त्याचे वेगळे चित्र द्यावे.

पुष्कळांना हे शेवटचे पटत नाही. दोष दाखविला तर घेणार कोण, असे ते विचारतात. त्यांना मी एक गोष्ट सांगतो. ईबे नावाचा अमेरिकन ऑनलाइन बाजार पियर ओमिड्यार या गृहस्थाने १९९५ साली सुरू केला. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, भाषणाच्या वेळी फळ्यावर प्रकाशाचा ठिपका पाडण्याचे साधन. ती वस्तू मोडकी आहे असे स्पष्ट लिहिलेले होते, तरी ती १४ डॉलर ८३ सेंटना गेली. घेणाऱ्याला विचारले तेव्हा त्याने सांगितले की आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो! मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक असते. फसविलेले गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा येत नाही.

वर्णन लिहिताना विशेषणे कमी आणि मापे जास्त असावीत. ‘अप्रतिम, स्वादिष्ट, दर्जेदार’ हे शब्द सगळेच लिहितात, म्हणून ते कोणीच वाचत नाही. त्याऐवजी ‘पाव किलो, खलबत्त्यात कुटलेली, मध्यम तिखट, लसूण आहे, अमुक दिवस टिकते’ असे लिहावे. चादर असेल तर लांबी, रुंदी, वजन, सूत कोणते, रंग जातो की नाही, हे सांगावे. नावातही गिऱ्हाईक जो शब्द शोधील तो पाहिजे. सोलापूरकर ‘शेंगा चटणी’ म्हणतो, पुणेकर ‘शेंगदाण्याची चटणी’ म्हणतो, बंगलोरला वाढलेला त्याचा मुलगा ‘पीनट चटणी’ असे शोधतो. तिन्ही शब्द वर्णनात असावेत.

आणि जे आपले नाही ते आपले म्हणू नये. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांकाचे, म्हणजे जीआयचे, संरक्षण आहे. दुसऱ्या गावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकणे हा विणकराच्या पोटावर पाय आहे, आणि कायद्याचा भंगही आहे. तसेच स्वतःच्या नातेवाइकांकडून चांगले अभिप्राय लिहवून घेण्याचे. विक्रेत्याने गिऱ्हाईक बनून खोटे अभिप्राय देऊ नयेत, असे २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

खोक्याचे वजन

आता अक्कांच्या प्रश्नाकडे वळतो. मी त्यांचे एक खोके कचेरीत मागवून घेतले. आत पाव किलो चटणी आणि दहा कडक भाकऱ्या. खोक्यासकट सारे मिळून सहाशे ग्रॅम. परंतु पेठेच्या हिशेबपत्रकात वजन लिहिले होते १.८ किलो. मला वाटले, ही सरळ वजनातली मारामारी आहे. भांडायच्या तयारीनेच मी करार वाचायला घेतला. तिथे कळले की चूक आमचीच होती.

माल वाहून नेणारे लोक दोन वजने काढतात. एक तराजूवरचे आणि दुसरे जागेचे. गाडीत कापसाची गोणी जागा अडवते, म्हणून तिचे भाडे नुसत्या वजनावर परवडत नाही. यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्याला बहुधा ५००० ने भागावयाचे. येईल ते किलोमधले जागेचे वजन. दोहोंपैकी जे जास्त, त्यावर भाडे. आमचे खोके ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि १० उंच होते. गुणाकार ९०००, भागिले ५०००, उत्तर १.८ किलो. सहाशे ग्रॅम मालासाठी या बायका सहा महिने तिप्पट वजनाचे भाडे भरीत होत्या, कारण भाकरी परातीएवढी थापायची ही आमची रीत!

यावरून पहिला नियम असा की, खोके मालाला बेतून घ्यावे. आणि जमेल तिथे मालही खोक्याला बेतून करावा. बांधणी मात्र काटकसरीने करू नये. कडक भाकरी म्हणजे काचेची बहीण. दर दोन भाकऱ्यांमध्ये जाड कागद, चारी बाजूंना दाबून भरलेली रद्दी, आणि हलवून पाहिल्यावर आतून आवाज नाही, अशी बांधणी हवी. खोके कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर टाकून पाहावे. आत माल शाबूत राहिला तरच ती बांधणी खरी. आणि बांधताना मोबाइलवर सलग चित्रफीत घ्यावी, तीत मागणीचा क्रमांक, माल आणि वजनकाट्यावरचा आकडा दिसावा. ‘आत दगड निघाला’ किंवा ‘डबा रिकामा होता’ अशी तक्रार आली, तर तीच आपली साक्षीदार.

नापास बिड्यांचा धडा

बिडी कामगार स्त्रीला हजार बिड्यांमागे मजुरी मिळते. पण कारखानदाराचा माणूस तिच्या बिड्या तपासतो आणि त्यांतल्या काही नापास करतो. नापास बिडीची मजुरी नाही. तिला लागलेले पान, तंबाखू आणि वेळ मात्र गेलेला असतो. आम्ही युनियनवाले पहिल्या दिवसापासून सांगत आलो की किती वळल्या एवढेच लिहू नका, किती नापास झाल्या तेही रोज लिहा. तीच बाई ऑनलाइन बाजारात गेली तेव्हा आम्ही सारेच हा धडा विसरलो. किती खोकी गेली ते लिहिले, किती परत आली ते लिहिलेच नाही.

आता अक्कांचा हिशेब ऐका. दर प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक जिनसाला वेगळे असतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा रीत ध्यानात घ्यावी. खोक्याची किंमत ३०० रुपये. त्यातून दलाली दहा टक्के, म्हणजे ३० रुपये. दर मागणीमागे ठरीव आकार १० रुपये. वाहतूक ९० रुपये. एकूण १३० रुपये. या सेवांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये ४० पैसे. एकूण कपात १५३ रुपये ४० पैसे. हाती राहिले १४६ रुपये ६० पैसे. माल ९० रुपयांचा, बांधणी २० रुपयांची, गॅस आणि वीज १० रुपयांची. म्हणजे घरचा खर्च १२० रुपये. उरले २६ रुपये ६० पैसे. इथपर्यंत कोणालाही वाटेल की नफा थोडा आहे, पण आहे.

परंतु दहांतली दोन खोकी परत येत होती. कुठे भाकरी मोडली होती. कुठे माल आल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्याने दारातूनच नकार दिला. खाण्याचा जिन्नस परत आला की तो पुन्हा विकता येत नाही. म्हणजे १२० रुपये पाण्यात, आणि वर परतीचे भाडे करासह १०६ रुपये २० पैसे. आता दहा खोक्यांची बेरीज करा. विकलेल्या आठ खोक्यांचे ११७२ रुपये ८० पैसे. त्यातून दोन परतीची भाडी, २१२ रुपये ४० पैसे, वजा. बँकेत आले ९६० रुपये ४० पैसे. आणि दहा खोक्यांसाठी घरातून गेले १२०० रुपये!

दर दहा खोक्यांमागे २३९ रुपये ६० पैसे तोटा, आणि दोन बायकांची दिवसभराची मेहनत फुकट. जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त. बँकेत येणारे पैसे डोळ्यांना दिसत होते. घरातून जाणारे पैसे शेंगदाण्याच्या पोत्यातून, गॅसच्या टाकीतून, खोक्यांच्या गठ्ठ्यातून थोडे थोडे जात होते, म्हणून दिसत नव्हते. अक्कांची फुले तिथे गेली होती.

म्हणून दुसरा नियम : किंमत ठरविण्यापूर्वी एका खोक्याचा नव्हे, दहा खोक्यांचा हिशेब मांडावा, परतीसकट. त्यात स्वतःची मजुरी धरावी. कारखान्यात आठ तासांच्या मजुरीसाठी भांडणारी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात आपली मजुरी शून्य धरते, याला धंदा म्हणत नाहीत.

कागदपत्रे

लहान विक्रेत्याला कागदपत्रांची धास्ती असते; आणि त्या धास्तीवर दलाल पोट भरतात. म्हणून चार गोष्टी थोडक्यात सांगतो.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी पाहिजे. घरगुती धंद्याला साधी नोंदणी पुरते. मिळणारा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.

बंद पाकिटावर काय लिहावे, हे २०११ च्या वजनमापांविषयीच्या नियमांत आहे. तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, जिनसाचे नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. यांतला बहुतेक तपशील ऑनलाइन पानावरही दाखवावा लागतो.

जीएसटीविषयी मोठा गैरसमज आहे. पूर्वी ऑनलाइन विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली. फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात ४० लाख रुपयांच्या आत असेल आणि तो आपल्याच राज्यात विकत असेल, तर पूर्ण नोंदणीची गरज नाही. पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घेतला की पुरे. परंतु माल राज्याबाहेर पाठविता येत नाही. आम्हा सोलापूरकरांना हे टोचते. मुंबईपेक्षा विजापूर आणि हैदराबाद आम्हाला जवळ, पण ती दोन्ही परराज्ये. शिवाय नोंदणी नसलेल्याला सेवांवर भरलेला १८ टक्के कर वळता करून घेता येत नाही, तो खर्चातच धरावा लागतो.

चौथी गोष्ट ‘उद्यम’ नोंदणी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी संकेतस्थळावर ती पूर्णपणे मोफत होते. तिच्यासाठी कोणी हजार-पाचशे मागितले, तर तो माणूस तुमचा हितकर्ता नव्हे. नियम बदलत असतात. तेव्हा धंदा सुरू करताना आणि पुढे दर वर्षी एकदा जाणत्या माणसाला विचारून घ्यावे.

जुनी वस्तू आणि नवा चोर

आता त्या जाहिरातीच्या भिंतीविषयी. इथे फसलेला माणूस शोधायला मला लांब जावे लागत नाही, तो मीच. कचेरीतले जुने मराठी टंकलेखन यंत्र मी विकायला काढले. किंमत लिहिली ५००० रुपये. तासाभरात फोन आला. बोलणारा स्वतःला सैन्यातला जवान म्हणवीत होता. त्याने घासाघीस केली नाही, यंत्र पाहायचेही म्हटले नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. तो म्हणाला, “काका, मी पैसे पाठवतो, तुम्ही फक्त हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका.” आयुष्यभर इतरांना करार नीट वाचायला सांगणाऱ्या मी पिन टाकला, आणि माझ्याच खात्यातून ५००० रुपये गेले.

हा अनुभव सांगताना आजही लाज वाटते. परंतु लाजेमुळे लोक बोलत नाहीत आणि चोराचे फावते, म्हणून सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. हे एक वाक्य आपण घरी जाऊन आईवडिलांना सांगितले, तरी माझे व्याख्यान सार्थकी लागले.

बाकीच्या सावधगिऱ्या सोप्या आहेत. घेणाऱ्याला वस्तू पाहायला दिवसा, चार माणसांच्या ठिकाणी बोलवावे. ‘पैसे पाठविले’ असा संदेश किंवा चित्र दाखविले तरी ते खरे धरू नये. स्वतःच्या बँक खात्यात रक्कम दिसल्यावरच वस्तू हातची सोडावी. ‘चुकून जास्त पाठविले, परत करा’ म्हणणाऱ्याला बँकेची वाट दाखवावी. जुना मोबाइल विकताना त्यातली माहिती पुसून आपले खाते काढून टाकावे. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते अडविणे शक्य असते. मी दुसऱ्या दिवशी केली; तेवढ्यात उशीर झाला होता.

करार आणि एकी

आमच्या चळवळीतला जुना दंडक असा की, न वाचता सही नाही. ऑनलाइन बाजारात सही म्हणजे एक टिचकी, म्हणून ती कोणी वाचत नाही. तुम्ही निदान पाच गोष्टी वाचा. दलाली किती, पैसे किती दिवसांनी मिळणार, परतीचे भाडे कोणावर, दर बदलण्यापूर्वी सूचना किती दिवसांची, आणि खाते बंद केले तर दाद कोणाकडे मागायची. २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याशी लेखी करार असावा लागतो, आणि एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत कंपनी काही डावेउजवे करीत असेल, तर त्याचे वर्णन तिला आपल्या पानावर द्यावे लागते. ते पान शोधून वाचावे. हिशेबपत्रक दर आठवड्याला उतरवून घ्यावे आणि पगारपत्रकासारखे ओळ न् ओळ ताडून पाहावे. कपात चुकीची वाटली तर मुदतीत, लेखी, वजनाचे चित्र जोडून तक्रार करावी. फोनवरच्या तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.

पण एकट्यादुकट्याने हे किती दिवस चालेल? १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी अठ्ठावीस कामगारांनी, त्यांत बरेच विणकर, मिळून एक लहानसे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या वस्तू. पण माल निर्भेळ आणि वजन पुरे. जगातल्या सहकारी चळवळीने त्यांचा आदर्श मानला. आपल्याकडे १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत पापडची संस्था. या दोन्ही ठिकाणी युक्ती एकच होती : खरेदी एकत्र, हिशेब उघडा, आणि मालाच्या प्रतीशी तडजोड नाही.

आज याला अनुकूल अशी एक नवी सोयही आहे. सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही कंपनी स्थापन झाली. तिचे तत्त्व असे की गिऱ्हाईक एका ॲपवर असेल आणि विक्रेता दुसऱ्या, तरी व्यवहार व्हावा. एकाच पेठेच्या मालकावर सगळ्यांनी अवलंबून राहू नये. तिथेही दलाली आणि भाडे असतेच. तेव्हा दहा खोक्यांचा हिशेब तिथेही मांडावा. पण विकणाऱ्याला दोन पेठा मोकळ्या असल्या की एका पेठवाल्याची मुजोरी चालत नाही.

आमच्या नऊ जणींनी काय केले, ते सांगून संपवितो. त्यांनी भाकरी लहान थापायला सुरुवात केली. दुप्पट मालाचे एकच खोके केले, २० बाय २० बाय १५ सेंटिमीटरचे. त्याचे जागेचे वजन आणि तराजूचे वजन दोन्ही १.२ किलो. किंमत ५४० रुपये, म्हणजे गिऱ्हाइकालाही दोन खोक्यांमागे साठ रुपयांची बचत. माल आल्यावर पैसे देण्याची पद्धत शक्य तिथे बंद केली. शेंगदाणे पोत्याने एकत्र घेतले. लहान भाकरी मोडतही कमी, म्हणून दहांत एकच खोके परत येऊ लागले. नवा हिशेब असा : दलाली ५४, ठरीव आकार १०, वाहतूक ७०, त्यांवर कर २४ रुपये १२ पैसे. हाती ३८१ रुपये ८८ पैसे; घरचा खर्च २२५. खोक्यामागे उरले १५६ रुपये ८८ पैसे. दहा खोक्यांत परतीचा तोटा वजा जाता ११०४ रुपये ३२ पैसे. हे दोन बायकांचे दोन दिवसांचे काम. म्हणजे एकीला दिवसाला २७६ रुपये पडले.

ही मजुरी पुरेशी नाही, हे मी त्यांनाही सांगितले आणि आपल्यालाही सांगतो. पण ती खरी आहे, आणि तिचा हिशेब त्या स्वतः लिहितात. वही अक्कांकडे असते. त्यांना अक्षरओळख तेलुगूची, म्हणून आकडे मराठीत आणि नावे तेलुगूत, अशी ती वही आहे. गेलेली खोकी डाव्या पानावर, परत आलेली उजव्या पानावर.

गेल्या महिन्यात अक्का कचेरीत आल्या, त्या वही दाखवायला. एका मागणीच्या वजनात पेठेने अर्धा किलो जास्त धरले होते आणि चित्रफीत पाठवून त्यांनी ती रक्कम परत मिळविली होती. कानात फुले होती. मी त्याबद्दल काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही. फक्त म्हणाल्या, “दादा, या वेळी वजन त्यांचं चुकलं होतं.”